मिस्सेआधीचा चहा

"जित्या आयला चार ओळींचं कार्ड कधी टाकलं न्हाय, आन् आता मेल्यावर चार पानं लिवून आणलीत," रामहरी लसणाच्या पाकळ्यांना म्हणाला.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून तो लसूण सोलत होता. आवाज असा बेताचा की चुलीपाशी बसलेल्या बायकोला ऐकू जावा आणि सोप्यात बसलेल्या थोरल्या भावाला जाऊ नये. बत्तीस वर्षांच्या संसारात जयवंताला नवऱ्याचा हा आवाज पाठ झाला होता. रामहरीची सगळी बंडं याच आवाजात होत, आणि लसूण संपला की संपत.

सोप्यातला थोरला म्हणजे सावळाराम. बाप्तिस्म्याचं नाव सायमन, पेन्शनच्या कागदावर सावळाराम, आणि शाळा सुटून आठ वर्षं झाली तरी बारामतीत अजून 'हेडसर'. सकाळच्या एसटीनं तो इंदापूरला उतरला होता, काखेत प्लास्टिकची फाईल घेऊन. त्यांच्या आईला, धोंडाबाईला, जाऊन सव्वीस दिवस झाले होते. रविवारी चर्चमध्ये तिच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे स्मरणाची उपासना होती. मिस्सेच्या शेवटी फादर तिचा जीवनवृत्तांत वाचणार होते, आणि तोच छापून स्मरणपत्रिका म्हणून घरोघर जाणार होता. छापखानेवाल्यानं मजकूर आज संध्याकाळच्या आत मागितला होता. म्हणजे तीनची गाडी गाठायची, म्हणजे त्याआधी पक्की प्रत तयार हवी, आणि पक्की प्रत लिहिणार जयवंता. हे कुणी ठरवलं नव्हतं. या घरात सुनांची कामं ठरवावी लागत नसत.

जयवंताची शाळा चौथीत सुटली होती, पण अक्षर सुटलं नव्हतं. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती आधी वाचायची आणि मग चुलीत घालायची. तिनं भाकरीचं पीठ हातावरून झाडलं, पदराला हात पुसले आणि सोप्यात येऊन फाईल उघडली.

पहिल्या ओळीत धोंडाबाई जन्मली आणि त्याच ओळीत तिचं लग्नही उरकलं. दुसऱ्या परिच्छेदात ज्येष्ठ चिरंजीव जन्मले, आणि मग ते तिसऱ्या पानाच्या मध्यापर्यंत हलेचनात. त्यांचं शिक्षण, त्यांची मिशन शाळेतली नोकरी, त्यांनी शाळेला बांधून घेतलेली पाण्याची टाकी, तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार, आणि त्या पुरस्काराच्या वेळी पाहुण्यांनी काढलेले उद्गार. म्हातारी परत उगवली ती चौथ्या पानावर, मरायला.

जयवंतानं लिहायला घेतलं. लिहिता लिहिता तिच्या मनात दुसराच वृत्तांत चालला होता, जो कुणी तिला मागितला नव्हता. अकराव्या वर्षी लासुर्ण्याच्या वस्तीबरोबर बाप्तिस्मा घेतला तेव्हा धोंडाची आग्नेस झाली, पण आग्नेस म्हणून हाक मारली की ती मागं वळून बघायची, दुसरं कोण आलं म्हणून. सात बाळंतपणं, त्यातली तीन मुलं जगली. नवरा मिशनचा मास्तर, गावोगाव धर्माचे धडे देत हिंडायचा, तो हिवतापानं गेला. मग मिशनच्या बोर्डिंगात चाळीस पोरींचा स्वयंपाक. घरात घड्याळ नव्हतं, म्हणून ती जपमाळेवर शिजवायची. डाळीला एक पूर्ण माळ, भाताला तीन रहस्यं, म्हणजे माळेचे दहा-दहा मण्यांचे तीन टप्पे, अंड्याला एकच. जयवंता लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला आधी 'नमो मारिया' ही प्रार्थना शिकवली, आणि जयवंताला बरीच वर्षं वाटत होतं की ती पिठल्याची कृती आहे. शुक्रवारी मटण वर्ज्य, हा नियम तर म्हातारीनं बाप्तिस्म्यापासून मरेपर्यंत कडक पाळला. उरलेल्या सहा दिवशी ते मिळतच नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

चौथ्या पानाच्या मध्यावर जयवंताचं पेन थांबलं.

"भावजी, हितं लिहिलंय, 'दर रविवारी अत्यंत भक्तिभावाने ख्रिस्तप्रसाद ग्रहण करीत असत.'"

"मग?"

"आत्याबाई घेत न्हवत्या."

सावळारामनं चष्मा काढून पुसला. उंबऱ्यातला लसूण सोलायचा आवाज थांबला. आता ही गोष्ट काही गुपित नव्हती. इंदापुरातल्या चाळीस कॅथलिक घरांनी ती चौतीस वर्षं डोळ्यांनी बघितली होती. धोंडाबाई चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी येई आणि सगळ्यांत मागच्या बाकावर बसे. प्रार्थना तिला फादरपेक्षा जास्त पाठ, गाणं तिच्याशिवाय उचललं जात नसे. पण फादरांच्या हातून ख्रिस्तप्रसादाची भाकर घ्यायला रांग लागली की ती गुडघे एका बाजूला आखडून घेई आणि बाकावरच्या बायकांना जायला वाट देई. जयवंता बत्तीस वर्षं त्या गुडघ्यांवरून पुढं गेली होती आणि परत आली होती. म्हातारी तिच्याकडे बघून हसायची, पंगतीत वाढणारी बाई जेवणाऱ्यांकडे बघून हसते तशी.

कुणी विचारलंच तर घरानं एक उत्तर तयार ठेवलं होतं. ख्रिस्तप्रसादाआधी पोट रिकामं लागतं, आणि आईला सकाळचा चहा सुटत नाही. सावळारामनं हे उत्तर पहिल्यांदा कधी दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ते इतकं सोयीचं होतं की हळूहळू सगळ्यांनी ते घेतलं. देवाच्या भक्तीत बुडालेली ही बाई चौतीस वर्षं एका कप चहावर मात करू शकली नाही, हे ऐकून लोक मान हलवायचे. कुणी सहानुभूतीनं विचारायचं, गूळ घालून की साखर. जयवंताला एवढंच माहीत होतं की घरातला चहा ती करते, आणि मिस्सेच्या सकाळी सासूनं चूळ भरतानासुद्धा पाणी आत जाऊ दिलेलं नाही.

"एकदा घेतला ना शेवटी?" सावळाराम म्हणाला. "मग 'घेत असत' लिहायला हरकत नाही."

ते शेवटचं मात्र या तिघांनाच माहीत होतं. मरायच्या तीन दिवस आधी बारामतीहून नवे तरुण फादर मोटरसायकलवर आले, म्हातारीला अखेरचं तेल लावायला. पापनिवेदन ऐकायचं म्हणून त्यांनी घरच्यांना बाहेर घालवलं. हे तिघं अंगणात शेवग्याखाली उभे राहिले, चेहऱ्यावर योग्य तेवढं दुःख ठेवून. पण धोंडाबाई दहा वर्षं बहिरी होती, कानाला तोंड लावून बोलल्याशिवाय तिला काही ऐकू जात नसे. तिला वाटायचं आपण कुजबुजतोय, आणि ती कुजबूज पार एसटी स्टँडवर ऐकू जायची. फादरांचा एक शब्द बाहेर आला नाही. म्हातारीचा एकही आत राहिला नाही. नव्वद वर्षांची पापं फार नव्हती. शेजारणीच्या कोंबडीला दगड मारला, बोर्डिंगातलं मीठ घरी आणलं, एका सिस्टरला मनातल्या मनात म्हैस म्हटलं. आणि मग ती सारजाबद्दल बोलली.

सारजा तिची एकुलती एक लेक. बासष्ट साली तिनं पळसदेवच्या सिद्धूशी लग्न केलं. सिद्धूच्या घरी बापाच्या हयातीपर्यंत मेंढरं होती, मग शेती आली. लग्न लागलं ते त्यांच्या देवासमोर, त्यांच्या भटजीच्या हातून. सावळारामचा तेव्हा मिशन शाळेतल्या नोकरीचा अर्ज गेला होता. त्यानं बहीण आपल्याला मेली असं जाहीर केलं आणि रामहरीनं मान डोलावली. पुढं धरणाचं पाणी आलं, जुनं पळसदेव बुडालं, माणसं वर सरकली, पण ती मान काही सरळ झाली नाही. धोंडाबाई लग्नाला एकटी गेली, बैलगाडीनं. परत आल्यावर त्या वेळच्या जर्मन फादरांनी तिला पाप कबूल करायला सांगितलं, आणि त्यानंतरच्या रविवारी ती मागच्या बाकावर गेली. एवढं घराला माहीत होतं. उरलेलं शेवग्याखाली कळलं.

फादर बाहेर आले तेव्हा ख्रिस्तप्रसादाची छोटी डबी त्यांच्या हातात उघडीच होती, आणि रिकामी. ते कुणाशी काही बोलले नाहीत. गाडीला किक मारून गेले. तेव्हा सावळारामनं दोघांना जवळ बोलावून हळूच सांगितलं होतं, की दुसऱ्याचं पापनिवेदन चुकून कानावर पडलं तर ते कधीही तोंडाबाहेर काढायचं नसतं, असा चर्चचा नियम आहे. चर्चचा एखादा नियम या घराला इतका पटल्याची ही पहिलीच वेळ.

"आणि तिच्या पश्चात कोण कोण ते?" जयवंतानं विचारलं. "दोन मुलगे, सुना, सात नातवंडं लिहिलंय. मुलगी ऱ्हायली."

"राहिली नाही. ठेवली नाही."

रामहरी उठून लसूण आत ठेवून आला. "दादा, रविवारी सगळी येणार. कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार? इतकी वर्षं विचारलं का कुणी?"

हे खरं होतं. विचारायला नको म्हणून तर चहा होता.

बाराच्या सुमाराला वडापची जीप कोपऱ्यावर थांबली आणि सारजा स्वतःच दारात उभी राहिली. चोपन्न वर्षांची, उन्हानं रापलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात ओल्या पोत्याची पिशवी. पिशवीत उजनीच्या पाण्यातल्या चिलाप्या होत्या, अजून एखादी शेपूट आपटत होती. आईच्या मातीला तिला निरोप उशिरा मिळाला होता. ती पोचली तेव्हा लोक स्मशानाच्या फाटकातून बाहेर पडत होते. त्यानंतर आजच.

भावांच्या घरात ती चौतीस वर्षांत पहिल्यांदा पाय ठेवत होती. आई तिला भेटायची ती बाजारच्या दिवशी, कांद्याच्या ढिगापाशी. पाव किलो कांदा घ्यायला म्हातारीला दोन तास लागत, आणि घरी कुणी उशीर का झाला ते विचारत नसे. एवढी माया भावांनी केली होती.

"वैनी, हे आधी पाण्यात टाका," सारजा म्हणाली. मग थोरल्या भावाकडे वळली. "दादा, बरं हायस का? केस पार गेलं रं तुझं."

सावळाराम हेडसर होता, तो शाळा तपासायला आलेल्या साहेबापुढंही उभा राहत नसे. आता तो उभा राहिला, मग आपण का उभे राहिलो हे न कळून परत बसला. त्याची नजर सारखी तिच्या कुंकवाकडं जात होती.

जयवंतानं मासे घमेल्यात टाकले, पाण्याचा तांब्या आणून दिला. सारजानं पाणी पिऊन तोंड पुसलं आणि आल्या कामाचं बोलली. तिचं मागणं मोठं नव्हतं. आईच्या नावानं कागद छापताय असं बाजारात कळलं. त्यात तिचं नाव यावं. सारजा म्हणा, नाहीतर बाप्तिस्म्यात ठेवलं होतं ते सेसिलिया म्हणा, कसंही, पण मुलगी म्हणून यावं. नवरा म्हणाला होता, जाऊ नको, अपमान करून घेशील. ती म्हणाली, आईच्या कागदात नाव नसलं तर मी कुणाची ते मला तरी कसं कळायचं. आणि रविवारी मिस्सेला ती येणार होती.

"आय जितं बसायची तितंच बसंन म्हणते मी. कुठं बसायची ती?"

"कुटुंबाला पहिला बाक राखून ठेवलाय," सावळाराम म्हणाला.

"तसं न्हाय. आय कुठं बसायची?"

"शेवटच्या बाकावर," रामहरी म्हणून गेला, आणि लगेच भावाकडं बघितलं.

सारजा हसली. आई आणि शेवटच्या बाकावर, हे तिला खरं वाटेना. लहानपणी चर्चमध्ये पुढची जागा मिळावी म्हणून आई पोरांना अंधारात उठवून हाकत न्यायची. ख्रिस्तप्रसाद पहिला आपल्याला मिळाला पाहिजे, दुसऱ्यांनी घेऊन उरलेला नको, असं म्हणायची, जसा काय तो संपणार होता.

सावळारामनं घसा साफ केला आणि जुनं उत्तर काढलं. आईला पुढं पुढं ख्रिस्तप्रसाद घेता येत नव्हता. सकाळचा चहा लागायचा.

सारजा त्याच्याकडं बघत राहिली. "आय? मिस्सेच्या आधी चहा?" ती म्हणाली. "दादा, एका नाताळला मी पहाटं गुळाचा खडा तोंडात टाकला, तर तिनं बोट घालून काढला. माझा दात हालला हुता. ती चहा पिती व्हय?"

रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्यांची ओळ चालली होती, बैलांच्या गळ्यातल्या घंटा बराच वेळ वाजत राहिल्या. सावळारामनं घड्याळ बघितलं. रामहरीनं घड्याळ नसलेलं मनगट बघितलं.

"कवापासनं?" सारजानं विचारलं.

"होय ते... बरीच वर्षं झाली," सावळाराम म्हणाला.

"कवापासनं, रामभाऊ?"

"बासष्ट," रामहरी म्हणाला. या खेपेला त्याचा आवाज लसणाशी बोलायचा नव्हता.

सारजाला हिशेब करावा लागला नाही. बासष्ट साल तिचंच होतं. तिच्या चेहऱ्यावरून इतका वेळचा धीटपणा उतरला, आणि जयवंताला एकदम दिसलं की नाकाजवळची घडी थेट म्हातारीची आहे.

"म्हंजी माझ्यापायी," सारजा हळू म्हणाली. "माझी लाज वाटून मागं जाऊन बसली ती. आन् मला बाजारात कांदं निवडत म्हणायची, सुखी ऱ्हा."

जयवंता सावळारामकडं बघत होती. 'तसं नाही' असं तो आता म्हणेल, निदान आता तरी, म्हणून ती थांबली. पण तिला दिसलं की तो सुटल्यासारखा खुर्चीत मागं टेकला आहे. बहिणीनं जे गृहीत धरलं ते चहापेक्षाही सोयीचं होतं. ते सगळ्यांना पुरणार होतं, आणि ते कुणी खोटं बोलून सांगितलंही नव्हतं.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "आईनं सोसलं. आता आपण तिच्या नावाला जपायचं."

"व्हय," सारजा म्हणाली. ती उठली, रिकामं ओलं पोतं घडी करू लागली. "माझं नाव ऱ्हाऊ द्या, दादा. तिला जित्यापणी मान वर करू दिली न्हाय मी, मेल्यावर कागदात कशाला. मी रविवारी येत न्हाय. मासं शिळं करू नका, वैनी."

"वन्सं, बसा," जयवंता म्हणाली.

"गाडी जाईल."

"जाऊ द्या."

पक्क्या प्रतीचा कागद जयवंताच्या मांडीवर होता. 'ग्रहण करीत असत' वरची शाई वाळली होती. तिला चौतीस वर्षं आखडलेले ते गुडघे आठवले. तिला वाटलं, या घरानं म्हातारीला एकदा मागच्या बाकावर बसवलं, आता तिची लेक तिला तिथंच लाजेनं बसवून पळसदेवला चाललीय, आणि ही गोष्ट मरेपर्यंत जिवाला लावून घेणार.

तिचा चेहरा सावळारामनं वाचला. तो शिक्षक होता, कुठलं पोर बोट वर करणार ते त्याला आधी कळायचं. "जयवंता," तो म्हणाला, "शेवग्याखाली काय सांगितलं होतं मी? ते बोललीस तर तुझ्या माथ्यावर महापाप येईल. फादरपुढं जाऊन ते कबूल करावं लागेल. नुसतं कबूल नाही, मनापासून पश्चात्ताप करावा लागेल. तोवर तुला ख्रिस्तप्रसाद न्हाय." रागावल्यावर त्याची शुद्ध भाषा सुटायची, तशी आत्ता सुटली. "आपल्या घरची अब्रू चारचौघांत काढू नगंस."

"चारचौघं कुठायत, दादा?" रामहरी म्हणाला. "आपुणच हाय."

जयवंतानं नवऱ्याकडं बघितलं. त्याच्या हातात लसूण नव्हता.

तिनं कागद मांडीवरून खाली ठेवला. सारजा उंबऱ्याशी पोतं छातीला धरून उभी होती, काय ते न कळून एकाकडून दुसऱ्याकडं बघत.

"आत्याबाईंना तुमची लाज वाटत न्हवती, वन्सं," जयवंता म्हणाली. "त्यांना लाज वाटून घ्या म्हणून सांगितलं हुतं. तुमच्या लग्नात उभ्या ऱ्हायल्या ते पाप झालं, माफी मागा, मग या पुढं. सगळीजणं मागतात तशी तोंडदेखली मागितली असती तर दुसऱ्या रविवारी पुढं गेल्या असत्या. त्यांनी मागितली न्हाय. मरताना नव्या फादरांनी परत विचारलं. आमी तिघं भाईर हुतो, तिघांनीबी ऐकलं. म्हणाल्या, बाकी सगळ्याचा पश्चात्ताप करते, कोंबडीचाबी करते, पर माझ्या सारजीवर अक्षता टाकल्या त्येचा न्हाय करत. फादर कायतरी म्हणाले, तर आत्याबाईंनीच मोठ्यानं विचारलं, काय म्हणता, त्यात पाप न्हवतंच? मग माझी दोन पोरं तिकडं शेवग्याखाली उभी हायती, त्यास्नी सांगा, की लेकीला तोडलं ते देवानं न्हाय, तुमी तोडलं."